धुराड्याचा तडा कुणी बुजवायचा?

भिंतीला तडा गेला की घरातला कर्ता माणूस लगेच गवंड्याला निरोप धाडतो. छत गळू लागलं की ताडपत्री येते. पण चुलीच्या धुराड्याला तडा गेला तर? तो महिनोन् महिने तसाच राहतो. कारण तो दिसतो फक्त घरातल्या बाईला आणि त्यातून येणारा धूरही तिच्याच छातीत जातो.

आमच्या गारखेड्यात आता सूतगिरणी चौकाच्या आसपास इमारतीच इमारती झाल्या आहेत. तिथली चिमणी बटणावर चालते. पण जुन्या घरांच्या मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं. बचत गटाच्या कामासाठी मी खेड्यांत जाते, तिथे तर गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर. धुराड्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्याला काय होतंय ताई, चाललंय की!"

नाही चालत, मैत्रिणींनो. हे तडे का जातात ते समजून घेतलं तर बरेचसे टाळता येतात.

पहिलं कारण उष्णता. पाइप तापला की प्रसरण पावतो, निवला की आकसतो. तो भिंतीत सिमेंटने गच्च बसवला असेल तर त्याला हलायला जागाच उरत नाही, मग तो तडकतो. दुसरं कारण घाई. ओल्या लिंपणावर त्याच दिवशी मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि भेगा पडतात. मजबुतीसाठी मातीवर सिमेंटचा गिलावा दिला, तर तोही थोड्याच दिवसांत सुटतो, कारण दोघांचं तापणं-आकसणं वेगळं. तिसरं कारण पाऊस. धुराड्यावर टोपी नसेल तर पाणी आत उतरतं, काजळीत मिसळतं आणि पत्रा खातं. चौथं कारण आपली मराठवाड्याची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की चूल एकीकडे आणि धुराडं दुसरीकडे झुकतं. भूकंपाचं तर बोलायलाच नको. १९९३ चं किल्लारी आपण विसरलेलो नाही. २०२४ मध्येही हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले. असा धक्का बसला की भिंतींबरोबर धुराडंही पाहावं.

तडा ओळखणं अवघड नाही. सांध्याभोवती काळा डाग दिसला की तिथून धूर गळतोय असं समजा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेपुढे गेली तर ती वाढतेय. बारीक भेग असेल तर आधी काजळी काढा, मग माती, चाळलेली राख आणि भुसा कालवून लिंपा आणि चार-पाच दिवस सावकाश वाळू द्या. पाइप आरपार फुटला असेल तर मात्र बदलाच. तो अॅस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर घरी फोडू किंवा घासू नका, त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

आता माझं खरं म्हणणं. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, तो २००२ मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. चुली किती बसवल्या, सिलिंडर किती दिले, याचे आकडे मोजले गेले. पण बसवलेलं धुराडं फुटलं तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न बाईवरच सोडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुलं होती. ही मुलं बहुतेक वेळा आईच्या जवळ, चुलीपाशीच असतात.

म्हणून प्रत्येक गावात बचत गटातल्या दोन जणींना तरी धुराड्याच्या दुरुस्तीचं काम शिकवावं आणि त्याची मजुरीही द्यावी. घरखर्चाच्या वहीत छपराच्या डागडुजीशेजारी धुराड्याचाही खर्च लिहिला जावा. दिवाळीआधी घर रंगवताना आधी धुराड्याकडे पाहा आणि घरातल्या पुरुषांनाही ते दाखवा. तडा धुराड्याला असला तरी तो सगळ्या घराचा आहे.