टेरिकॉटचे कफन

देहूरोडपासून तळवडे, भोसरी ओलांडून थेट चाकणपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात गुरुवार हा यंत्रांच्या विश्रांतीचा वार. महावितरणची देखभाल-दुरुस्ती त्याच दिवशी, कारखान्यांतले पॅनल उघडतात तेही त्याच दिवशी. पॅनलचे दार उघडणारा ठेकेदाराचा वायरमन तेव्हा अंगावर काय घालून उभा असतो? टेरिकॉटचा गणवेश, त्यावर चमकपट्टीचे नायलॉनचे जाकीट, डोक्यावर पिवळे हेल्मेट, हातात रबरी मोजे. आणि समोर ४१५ व्होल्टचा जिवंत बसबार.

त्या बसबारवर पाना निसटला, उंदीर शिरला किंवा ब्रेकर आत सरकवताना संपर्क चुकला, की तंत्रज्ञ ज्याला आर्क फ्लॅश म्हणतात तो ज्वालास्फोट होतो. त्याच्या गाभ्यातले तापमान १९ हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक. तांब्याची वाफ होते आणि ती मूळ धातूच्या सुमारे ६७ हजार पट फुगते. तारेला बोटही न लागता माणूस भाजतो. विजेच्या धक्क्यापासून वाचवणारे रबरी मोजे छाती, मान आणि चेहरा झाकत नाहीत. टेरिकॉटमधला पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या पुढे वितळतो आणि कातडीला चिकटतो. ज्या कपड्याने अंगाचे रक्षण करायचे, तोच अंगात उतरतो.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकी अभियंता राल्फ ली यांनी १९८२ सालीच या भाजण्याचे गणित मांडले. दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी उष्णता कातडीवर फोड आणते. ८ कॅलरी सोसणारे पोशाख मिळतात, ४० कॅलरी सोसणारे डोक्यापासून पायापर्यंतचेही मिळतात. वीजवाहिन्यांवर राबणाऱ्याला असा पोशाख मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यावा, असा नियम अमेरिकेने २०१४ साली केला. आमच्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीने हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, हेल्मेट अशी यादी दिली. अंगावरचा कपडा त्या यादीत नव्हता. यादीत नाही ते द्यायचे नाही, एवढा कायदा आमच्या कारखानदारांना मुखोद्गत आहे.

बरे, कपड्याचे महत्त्व इथे कोणाला कळत नाही असे म्हणावे, तर तीही सोय नाही. आयुध कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या देहूरोडकरांना कोणी शिकवायला नको, की दारूगोळ्याच्या कामात कृत्रिम धाग्याचा कपडा चालत नाही. त्याच्या घर्षणातून ठिणगी पडण्याचे भय असते. चाकणच्या रंगशाळांत रोबोटच्या हातांवर खास आवरणे चढवतात, ती मळली की बदलतात. म्हणजे बारूद वाचवायची तर कपड्याचा विचार होतो, यंत्र वाचवायचे तरी होतो. मग रात्रपाळीत बंद पडलेली लाईन तासाभरात चालू व्हावी म्हणून ज्याला जिवंत पॅनलमध्ये डोके घालायला लावतात, जो दिघी-मोशीच्या भाड्याच्या खोलीतून पहाटे बसला लटकत येतो आणि ज्याच्या हजेरीवर कंपनीचे नावसुद्धा नसते, त्या हाडामांसाच्या माणसाचीच पाळी आली की हिशेबाची वही का उघडते?

कारण तो ठेकेदाराचा आहे. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो सर्वांत कमी दराचे टेंडर भरून काम घेतले, त्यात पोशाखाचे पैसे कुठून काढू? दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ मात्र दोघेही त्याच फाटकावर, एकाच फलकाखाली, हात पुढे करून घेतात. इतका निर्लज्जपणा अंगावरच्या फोडांपेक्षा जास्त जळजळतो.

आणि या निर्लज्जपणाला बळ कायद्यानेच दिले. ज्या १९४८ च्या कारखाना कायद्याखाली ही सारी वसाहत उभी राहिली, त्याच्या ९२ व्या कलमाने सुरक्षेच्या तरतुदी मोडून कामगार मेला तर दंडाची किमान मर्यादा ठेवली २५ हजार रुपये. गंभीर जखमी झाला तर ५ हजार. तुरुंगाची तरतूद होती, पण तिच्या भयाने झोप उडालेला मालक आम्ही पाहिलेला नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाज्या बनवणाऱ्या कारखान्यात बायका होरपळून मेल्या आणि जखमींना पुण्याच्या ससूनमध्ये हलवावे लागले, तेव्हा तपासणीची आठवण झाली. आधी राख, मग पंचनामा.

यात अज्ञान नाही, गफलत नाही. पोशाखाची किंमत ठाऊक असून, धोका ठाऊक असून, कोणाचे अंग जळाले तर चालेल हे थंड डोक्याने ठरवलेले आहे. आम्ही याला अपघात म्हणत नाही. हा सदोष मनुष्यवध आहे.

पॅनलला हात लावण्याआधी वीज बंद करणे, कुलूप लावणे, टेस्टरने खात्री करणे आणि अर्थिंग करणे हे पहिले कर्तव्य. पोशाख ही शेवटची ढाल आहे, आणि ती मूळ मालकाने, ठेकेदाराच्या माणसालाही, आपल्या खर्चाने दिलीच पाहिजे. विद्युत निरीक्षकांनी येत्या गुरुवारी खुर्ची सोडावी, चाकणच्या कोणत्याही पॅनल रूममध्ये उभे राहावे आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावरचा कपडा बोटांनी चाचपून पाहावा. टेरिकॉट लागला, तर ते दार तिथेच बंद करावे; मग लाईन आठवडाभर बंद राहिली तरी बेहत्तर.