न्हाणी-संडास नवे करताय? आधी जमिनीखालचे पाहा

दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली, की नरखेड तालुक्यातील वस्त्यांमध्ये चार पैसे खेळू लागतात. कुणाला तोडीची मजुरी मिळते, कुणाला गाडी भरण्याची, तर कुणाच्या घरकुलाचा हप्ता जमा होतो. मग घरात विषय निघतो, जुनी न्हाणी पाडून संडास-बाथरूम एकदाचे नीट बांधून घेऊ. विषय चांगलाच आहे. पडदा लावलेल्या मोरीत अंग चोरून आंघोळ करण्याचे दिवस आमच्या कितीतरी भगिनींचे अजून संपलेले नाहीत. म्हणूनच कष्टाचा हा पैसा वाया जाऊ नये असे आम्हाला वाटते.

वाचकहो, तो वाया जातो बहुतेक एकाच ठिकाणी. अंदाज काढताना आपण टाइल्स, नळ, दरवाजा असा दिसणारा माल आधी धरतो आणि जमिनीखालचे काम मिस्त्रीच्या मर्जीवर सोडतो. उरलेल्या पैशात तो एक खड्डा खणतो, वर फरशी ठेवतो आणि मोकळा होतो. दोनच पावसाळ्यांत खड्डा भरतो आणि पॅनमधून घाण उलटी वर येते. भिंतीला चकचकीत टाइल्स आणि पायाखाली मैला! आमच्या मते हिशेब उलटा मांडावा. आधी खड्डे, मग पॅन आणि पाइप, मग ढाळ आणि वॉटरप्रूफिंग, आणि उरेल त्यात टाइल्स. टाइल्स दोन वर्षांनी लावल्या तरी काही अडत नाही. घोटलेली सिमेंटची जमीनही स्वच्छ राहते.

खड्डे दोन हवेत. प्रत्येक सुमारे साडेतीन फूट रुंद, तेवढाच खोल, गोल, आणि दोघांत किमान तीन फुटांचे अंतर. आतून विटांची जाळीदार बांधणी करावी आणि तळाला काँक्रीट मुळीच टाकू नये. पाणी जमिनीत मुरले पाहिजे ना? एक खड्डा पाच-सहा माणसांच्या घराला तीन वर्षे तरी पुरतो. तो भरला की मधल्या चेंबरमधून दुसरा सुरू करायचा आणि पहिला निदान वर्षभर बंद ठेवायचा. आतल्या मैल्याचे तोवर कोरडे, वास नसलेले खत होते.

आपल्याकडील काळ्या मातीत मात्र एक जास्तीचे काम पडते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी फार सावकाश पिते. तेव्हा खड्डा थोडा मोठा घ्यावा आणि बांधणीच्या बाहेरून फूटभर रुंदीत रेती, गिट्टी किंवा विटांचे तुकडे भरावेत. मिस्त्री याला नाही म्हणेल, कारण खणाई वाढते. त्याचे ऐकू नये.

विहीर, हातपंप किंवा बोअरपासून खड्डा निदान १० मीटर, म्हणजे ३३ फूट दूर असावा. आपलीच नव्हे, शेजाऱ्याची विहीरही मोजावी. झाकण जमिनीच्या वर उचललेले आणि घट्ट बसणारे हवे, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरते. वर्धा नदीच्या काठी राहणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे; ३० जुलै १९९१ च्या पुराने मोवाडची काय दशा केली, हे तालुक्याला सांगायला नको.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे आंघोळीचे, धुण्याचे पाणी संडासच्या खड्ड्यात सोडणे. रोज दहा-वीस बादल्या पाणी ओतले तर कोणता खड्डा टिकेल? त्या पाण्याला वेगळी वाट द्यावी. लहानसा वेगळा शोषखड्डा करावा, जागा असेल तर केळी-पपई लावावी.

पॅन घेताना दुकानात 'ग्रामीण पॅन' मागावे. त्याचा उतार जास्त असतो, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात तो साफ होतो. शहरी पॅनला याच्या कितीतरी पट पाणी लागते. ज्या संत्रापट्ट्यात बोअरचे पाणी दरवर्षी खोल जाते, तिथे उन्हाळ्यात हंडे वाहणाऱ्या बाईला हा फरक कळतो. पॅनखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाणी साचून राहते आणि तेच वास अडवते. ट्रॅप न बसवता सरळ पाइप जोडू देऊ नये.

पुष्कळांना सेप्टिक टाकी मोठेपणाची वाटते. टाकी बांधू नये असे आम्ही म्हणत नाही, पण ती उपसावी लागते आणि उपसायला मशीनची गाडी दारापर्यंत आली पाहिजे. गल्ली अरुंद असेल तर कुणीतरी माणूस आत उतरवला जातो. बंद टाकीत विषारी वायू साचतो, प्राणवायू नसतो. एक बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. तो माणूस कोणत्या वस्तीतला असतो, हे आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही. मैला वाहण्याच्या प्रथेला बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून लागू झाला. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे हा त्यात गुन्हा आहे, मग उतरवणारा घरमालक का असेना. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली होती, २०२३ साली ती ३० लाख केली. भरपाईने माणूस परत येत नाही. आपल्या घराची घाण काढायला कुणालाही खाली उतरावे लागू नये, एवढी व्यवस्था बांधकामाच्या वेळीच होऊ शकते.

जमिनीवरचे काम त्यामानाने सोपे. बाथरूमची जमीन घराच्या जमिनीपेक्षा इंच-दीड इंच खाली असावी आणि जाळीकडे फुटामागे पाव इंच ढाळ असावा. टाइल्स लावण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून ते कुठे साचते ते पाहावे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवावे. भिंतीतील पाइप बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. जमिनीला गुळगुळीत टाइल्स नकोतच. घरात म्हातारी माणसे असतील तर धरायला एक लोखंडी दांडी बसवून घ्यावी, आणि दरवाजा बाहेर उघडणारा करावा. आत कुणी पडले तर आत उघडणारा दरवाजा त्याच्याच अंगाने अडतो.

विजेचे बटण बाहेर ठेवावे. पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना पाण्यात हात घालू नये, अर्थिंग नीट करून घ्यावे. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये जीव घेतो. तो बाहेर बसवावा, आणि आत मोकळा झरोका ठेवावा.

शेवटी एक सूचना. खड्डा बदलला की त्या दिवसाची तारीख झाकणाच्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरून ठेवावी. घरातल्या मोठ्या मुलीला किंवा मुलालाही दाखवून ठेवावी, म्हणजे वर्ष भरण्याआधी तो खड्डा कुणी उघडणार नाही.