गळाला लागला पदर

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातली वार्षिक चौकशी समितीच असते. माळ्यावर चढायचं, एकेक वस्तू खाली घ्यायची आणि तिला विचारायचं, "बाई गं, तुला या घरात आणलं कुणी?" यंदा माझ्या हाताला रोटीमेकर लागला. दोनदा वापरलेला, दोन्ही वेळा पोळीचा पापड झालेला. मग ज्यूसर निघाला, पोट कमी करायचा पट्टा निघाला. हे तिन्ही पराक्रम माझे, आधीच कबूल करते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, बाई नवऱ्याच्या चुका तेवढ्या चव्हाट्यावर मांडते!

या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून एक लांब कापडी पिशवी उभी होती. तिची ही गोष्ट.

आमचे हे निवृत्त झाले आणि दुपारचा वेळ मोबाइलवर जाऊ लागला. एक दिवस म्हणाले, "अगं, हे बघ." बघितलं तर कुठल्याशा थंड देशातली काचेसारखी नदी, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला एक साहेब आणि हवेत झुलणारी लांब दोरी. 'फ्लाय फिशिंग' म्हणतात त्याला. फ्लाय म्हणजे माशी. माशीने मासा धरायचा! मी हसून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी दारात खोकं आलं. काठी, चक्री, दोरी, पिसांच्या खोट्या माश्यांची डबी, सतरा खिशांचं जाकीट आणि छातीपर्यंत येणारी रबरी पँट. एकूण १४,६०० रुपये. आम्ही शहाद्यात राहतो. उन्हाळ्यात इथे पारा ४३ च्या पुढे जातो, आणि घरात रबरी पँट!

त्या रविवारी आम्ही प्रकाशाला गेलो. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, लोक ज्याला दक्षिण काशी म्हणतात ते प्रकाशा. दर्शन झाल्यावर हे काठावर उभे राहिले. आता यातली गंमत ऐका. आपल्या साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं, म्हणून तो लांब जातो. या खोट्या माशीला वजनच नसतं. म्हणून दोरी जाड आणि वजनदार असते, ती हवेत मागे-पुढे झुलवून फेकावी लागते. त्यासाठी जितकी जागा पुढे, तितकीच मोकळी जागा मागे लागते. मागे होत्या बाभळी. दोन माश्या बाभळीला अर्पण झाल्या. तिसऱ्या वेळी दोरी सणकन मागे आली आणि गळ माझ्या पदरात रुतला. त्या दिवसाचा पहिला आणि शेवटचा मासा म्हणजे माझा पदर. चांगली नारायणपेठ होती हो!

मासा का लागला नाही, ते नंतर कळलं. ही सगळी कला मुळात ट्राउटसारख्या माशासाठी. तो थंड, नितळ, वाहत्या पाण्यात राहतो आणि पाण्यावर बसलेला किडा वर येऊन टिपतो. इंग्रजांनी म्हणून तर हा मासा काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला. आपला महासीरसुद्धा अशा माशीला भुलतो, पण त्यालाही स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. प्रकाशाला तापी बॅरेजने अडवलेली, संथ आणि गढूळ. तिथला मृगळ तळाशी चरणारा, रोहू पाण्यातलं शेवाळ-वनस्पती खाणारा. त्याने वर बघायचं कशाला? वस्तू वाईट नव्हती. ती या पाण्याची नव्हती.

आमच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांना हा किस्सा सांगितला. आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, "मासा काठी दखीसन येत नही, ताई." काठी बघून मासा येत नाही! मला वाटलं, झालं, आपली फजिती झाली आणि विषय संपला. पण मावशी गप्प झाल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी त्यांची खरेदी सांगितली.

त्यांच्या मुलाचा मावसभाऊ उकाईच्या फुगवट्यावर, नवापूरकडे, मासेमारी करतो. त्याच्याकडे तंगुसाचं लांबच लांब जाळं. ते बघून मुलगा हट्टाला पेटला. मावशींनी बचत गटातून १२,००० रुपये उचलले आणि तसंच जाळं घेतलं. उकाईचं पाणी खोल आणि ऐसपैस. इथे काठाशी दगड, बुडालेली झुडपं आणि पावसाळ्यात बॅरेजची दारं उघडली की येणारा लोंढा. पहिल्याच हंगामात जाळ्याच्या चिंध्या झाल्या. जुनं जाड दोऱ्याचं जाळं मावशी स्वतः संध्याकाळी दारात बसून सांधायच्या. तंगूस गुळगुळीत, त्यात गाठ सरकते. ते सांधता येईना. जाळं एका हंगामात गेलं, हप्ता वर्षभर राहिला. "हप्ता कोणी भरला, मावशी?" मी विचारलं. त्यांनी टोपलीकडे नुसतं बोट दाखवलं.

मैत्रिणींनो, तिथे मला माझी १४,६०० ची कुरकुर गिळावी लागली. आमची चूक माळ्यावर जाऊन बसली. मावशींची चूक दर महिन्याला दारात येऊन उभी राहिली. चुकीची खरेदी सगळेच करतात. पण ज्याच्या घरी माळा नाही त्याला ती लपवायलाही जागा नसते.

आणि हे आपल्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर घडू शकतं, म्हणून लिहिते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराने बाधित झाली. २०१९ मध्ये ते धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. जिथे नर्मदा वाहत होती तिथे खोल, साचलेलं पाणी आलं. वाहत्या नदीत पुरणारं हातजाळं अशा पाण्यात पुरत नाही. होडी लागते, मोठी जाळी लागतात, म्हणजे पुन्हा कर्ज आणि पुन्हा खरेदी. तिथे हौसेचा प्रश्न नाही, चुलीचा आहे. अशा ठिकाणी स्वस्त मिळतं म्हणून बारीक भोकांचं जाळं घेतलं, तर बोटुकलीएवढी पिल्लंसुद्धा त्यात येतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा आजच टोपलीत. फाटलं म्हणून पाण्यातच टाकून दिलं, तर ते कुजत नाही. मालक नसलेलं ते जाळं मासे अडकवत राहतं आणि ते कुणाच्याच कामी येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जाळ्याची निवड बहुतेक घरांत पुरुष करतो. पण ते सांधते बाई, मासा विकते बाई आणि गटाचा हप्ता फेडते बाई. मग दुकानात जाताना तीच घरी का? कर्जाच्या कागदावर तिचा अंगठा चालतो, तर जाळ्याचं भोक किती असावं, दोरा कोणता असावा, यात तिचा शब्द का चालू नये? बचत गटांनी एवढा एक नियम करावा. साधनासाठी कर्ज असेल तर ते आधी पाण्यात वापरून बघितलेल्या दोघी-तिघींना विचारायचं आणि जिच्या नावावर कर्ज तिने स्वतः जाऊन वस्तू हाताने चाचपून घ्यायची.

बायकांना यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालंच तर त्याला एक गोष्ट सांगा. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या सामन माशाचा विक्रम एका बाईच्या नावावर आहे. जॉर्जिना बॅलंटाइन तिचं नाव. ७ ऑक्टोबर १९२२ ला स्कॉटलंडच्या टे नदीत तिने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा मासा धरला. तो विक्रम शंभर वर्षांनंतरही मोडलेला नाही. आणि बरं का, त्या दिवशी तिच्या गळाला ती पिसांची माशी नव्हती, साधा छोटा मासा आमिष म्हणून लावला होता. नदी तिच्या घराजवळची, होडीत सोबतीला वडील. पाणी ओळखीचं होतं, हे महत्त्वाचं.

परवा ती रबरी पँट घेऊन मी मावशींकडे गेले. म्हटलं, थंडीत मुलाला पाण्यात उतरायला होईल. मावशींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, दाबून पाहिली आणि परत दिली. म्हणाल्या, यात पाणी शिरलं तर पोरगा वर कसा येईल? मी आणलेली फुकटची वस्तूसुद्धा त्यांनी आधी पाण्याला विचारून मगच नाकारली. निघताना म्हणाल्या, "आधी पानी दखानं, मंग जाळं लेवानं."

घरी येऊन यांना सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी खोकं मागवायच्या आधी तुला विचारीन." मी म्हटलं, "अहो, मीही रोटीमेकरच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." ती साडी मी रफू करून घेतली आहे. गळाचं भोक बारीकच होतं, पण नेमकं पदरावर आहे. कुणाच्याही हौसेची पदरमोड शेवटी कुठे होते, ते लक्षात राहायला बरं.