श्रेयनामावली : चित्रपटाची नांदी

चित्रपटाचे रसग्रहण लिहिताना आपण बहुधा पहिल्या प्रसंगापासून आरंभ करतो. त्याआधी पडद्यावर उमटणारी नावे आपल्याला निव्वळ औपचारिकता वाटतात. माझे मत याहून वेगळे आहे. ॲनिमेशनद्वारे साकारलेली श्रेयनामावली हा चित्रपटाचा पहिला परिच्छेद असतो. चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे आणि तो कोणत्या भाववृत्तीने पाहावा, हे ती कथेपूर्वीच सुचवते.

ओटो प्रेमिंजर यांचा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ (१९५५) पाहा. विषय अमली पदार्थांच्या व्यसनाचा. सॉल बास यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या आणि शेवटी त्यांतून एक वेडावाकडा हात साकारला. सुई नाही, रुग्ण नाही. तरीही अस्वस्थता पोहोचते. त्या काळी अनेक चित्रपटगृहांत नावे संपेपर्यंत दर्शनी पडदा उघडत नसत. म्हणून नावे सुरू होण्यापूर्वीच पडदा उघडावा, अशी सूचना या चित्रपटाच्या रिळांसोबत पाठवण्यात आली होती.

आता तुलना करा. ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘सायको’ (१९६०) या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, संगीतकार बर्नार्ड हरमन आणि श्रेयनामावलीचे रचनाकार सॉल बास. ‘व्हर्टिगो’त स्त्रीच्या डोळ्यातून सर्पिलाकृती फिरत बाहेर येतात, तोच आकार पुढे नायिकेच्या अंबाड्यात आणि मनोऱ्याच्या जिन्यात भेटतो. ‘सायको’त सरळ रेषा धावत येतात आणि नावांचे तुकडे करतात. एकीकडे भोवऱ्यासारखी ओढ, दुसरीकडे सुरीसारखा छेद. निर्माते तेच असूनही भाववृत्ती बदलते, कारण येथे रचना कथेच्या गाभ्यातून आलेली आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल की, अशी श्रेयनामावली दिशाभूलही करू शकते. ‘द पिंक पँथर’ (१९६३) या चित्रपटात ‘पिंक पँथर’ हे एका हिऱ्याचे नाव आहे. गुलाबी प्राणी दिसतो तो श्रेयनामावलीत आणि अगदी शेवटी क्षणभर. परंतु अक्षरांशी खोड्या काढणारा तो प्राणी आणि हेन्री मॅन्सिनी यांची दबक्या पावलांची सुरावट आपल्याला नेमके सांगतात : येथे चोरी आहे, पण ती हसत पाहायची आहे. म्हणजे श्रेयनामावलीने कथा सांगावी, ही अपेक्षाच चुकीची. तिने दृष्टी द्यावी.

संस्कृत नाटकाच्या नांदीत पुढील नाट्यवस्तूचे सूचन टीकाकारांनी शोधले. नांदी वगळून नाटकाचा अभ्यास करावा, असे आपण म्हणणार नाही. मग घरच्या पडद्यावर एक कळ दाबून श्रेयनामावली ओलांडण्याची सवय अभ्यासकाने का स्वीकारावी? पूर्वी जे काम बंद पडद्याने केले, तेच आज ती कळ करते.

म्हणून यापुढे कोणत्याही चित्रपटाची श्रेयनामावली दोनदा पाहा : एकदा ध्वनीसह, एकदा ध्वनीविना. रेषा, रंग, गती आणि अक्षरांचे वळण यांवरून चित्रपटाच्या प्रकाराविषयी आपला तर्क लिहून ठेवा व चित्रपट संपल्यावर तो तपासा. तर्क चुकला तरी हरकत नाही. तो का चुकला, याच्या शोधातूनच रसग्रहणाला आरंभ होईल.