नोंद आपली, वही दुसऱ्याची

समाजमाध्यमांवर रोजच्या जगण्याची नोंद ठेवणाऱ्यांवर, म्हणजे सकाळचे पोहे, गॅलरीतल्या जास्वंदीला आलेले फूल किंवा तासभर रखडलेली लोकल यांविषयी नेमाने लिहिणाऱ्यांवर, आत्मप्रदर्शनाचा शिक्का इतक्या सरसकट मारला जातो की, या लेखनाकडे रोजनिशीचा एक प्रकार म्हणून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. खरी रोजनिशी कुलूपबंद खणातच असते, असे गृहीतक या शिक्क्यामागे दडलेले असून ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ली हम्फ्रीज या अमेरिकी अभ्यासक महिलेने ‘द क्वालिफाइड सेल्फ’ या २०१८ सालच्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ रोजनिश्या आल्यागेल्यांना वाचून दाखवल्या जात, नातलगांना धाडल्या जात, आणि त्यांतील मजकूरही हवापाणी, पाहुणे, जेवणखाण असा त्रोटकच असे. मराठी घरांना तर त्यासाठी ग्रंथाचीही गरज नाही. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’ या दिनदर्शिकेच्या चौकटींत तिथीखाली दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची सुट्टी आणि ‘आत्या आल्या’ अशा नोंदी घरातले कोणीही करी आणि कोणीही वाची. वर्षअखेरीस ती दिनदर्शिका रद्दीत गेली तरी त्याचे दुःख कोणाला नसे.

तेव्हा नोंद चारचौघांत होते, ही तक्रार फारशी दमदार नाही. खरी गोम आहे ती वहीच्या मालकीत. कागदाची वही काही विचारत नाही. समाजमाध्यम मात्र विचारते, आणि प्रश्न बदलला की लेखनही बदलते. २००६ साली सुरू झालेले ट्विटर आरंभी ‘काय करत आहात?’ असे विचारीत असे; नोव्हेंबर २००९मध्ये त्याऐवजी ‘काय घडत आहे?’ हा प्रश्न आला आणि लिहिणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या दिनक्रमावरून जगाच्या घडामोडींकडे वळवले गेले. अक्षरमर्यादाही परक्याचीच. तिथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येक खूण स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जात असल्याने ‘पुणे’ चार अक्षरांचे आणि ‘मुंबई’ पाच अक्षरांचे होते, त्यामुळे २०१७पर्यंतच्या १४० अक्षरांत मराठी माणसाच्या वाट्याला आलेला दिवस अंमळ तोकडाच होता.

वाचक कोण, हेही लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. नातलग, सहकारी, जुने शिक्षक आणि अनोळखी माणसे हे वेगवेगळे श्रोते एकाच मजकुरापुढे एकदम येऊन उभे राहतात, या स्थितीला अभ्यासक ‘कॉन्टेक्स्ट कोलॅप्स’, म्हणजे संदर्भांची सरमिसळ, म्हणतात. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या केवळ पसंत केल्या, आणि दोघींनाही अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेतूनच मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले. कलम गेले, सरमिसळ मात्र कायद्याने मिटणारी नव्हे.

याहून कमी बोलले जाते ते पुनर्वाचनाविषयी, आणि रोजनिशीचा अर्धा अर्थ तर त्यातच असतो. जुनी वही कधी उघडायची, कोणते पान चाळायचे, कोणते टाळायचे, हे ती लिहिणाराच ठरवी. फेसबुकने २०१५ साली ‘ऑन धिस डे’ ही सोय आणली, पुढे २०१८मध्ये तिचे नाव ‘मेमरीज’ झाले, आणि गतवर्षांतील त्याच तारखेच्या नोंदी आपण होऊन समोर येऊ लागल्या. २०१४च्या डिसेंबरातच या पद्धतीचा एक निष्ठुर नमुना दिसला होता: वर्षाचा आढावा म्हणून कंपनीने एका पित्याला त्याच वर्षी वारलेल्या मुलीचे छायाचित्र सणाच्या सजावटीत घालून दाखवले, आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. प्रतिसादांची संख्या मोजणाऱ्या गणिताला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सांत्वनाचे शब्द सारखेच दिसतात, इतकेच.

जपणुकीचा भरवसा तर आणखी तकलादू आहे. २००४ साली सुरू झालेले ऑर्कुट भारतात कमालीचे लोकप्रिय होते; ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले आणि ज्यांनी आपला मजकूर वेळीच उतरवून घेतला नाही, त्यांच्या कॉलेजच्या वर्षांतील गप्पांची ‘स्क्रॅपबुके’ गेली ती गेलीच. म्हणून ज्यांना समाजमाध्यम खरोखरच रोजनिशी म्हणून वापरायचे आहे, त्यांनी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, आपल्या नोंदींची प्रत उतरवून घ्यावी, हे बरे. फेसबुकवर ही सोय २०१०पासून आहे. मात्र हाती येणारा गठ्ठा दिवसांनुसार नव्हे, तर प्रकारांनुसार लावलेला असतो: छायाचित्रे एका कप्प्यात, मजकूर दुसऱ्यात, इतरांच्या नोंदींवर केलेली टिप्पणी तिसऱ्यात, त्यामुळे एखाद्या पाडव्याचा दिवस सलग वाचायचा, तर तारखा ताडून तो ज्याचा त्यालाच पुन्हा जुळवावा लागतो.