कायदा संसदेचा, अंमल सॉफ्टवेअरचा

जून-जुलै उजाडला की पुण्याच्या कचेऱ्यांत, बँकांत आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील उपाहारगृहांत एकच चर्चा सुरू होते: यंदा विवरणपत्र कोणत्या सॉफ्टवेअरवर भरायचे? कोणाचे फुकट, कोणाचे स्वस्त, कोणाच्या मार्फत परतावा लवकर येतो? मध्यमवर्गीय नोकरदार साबणाच्या वडीची निवड करावी तशा थाटात हा निर्णय घेतो आणि चळवळीतील कार्यकर्तेही, खरे बोलायचे तर, फारसे वेगळे वागत नाहीत. कर हा नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातील फार जुना व्यवहार. या व्यवहाराच्या मध्ये तिसरा कोण येऊन बसला आणि त्याला तेथे कोणी बसविले, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

इतिहास थोडक्यात असा. पाच लाखांहून अधिक उत्पन्न असणाऱ्या व्यक्तींना २०१३-१४ या आकारणी वर्षापासून विवरणपत्र संगणकाद्वारेच भरण्याची सक्ती झाली. पुढे ती खाली सरकत गेली. आज साधा फॉर्म भरणाऱ्या ऐंशी वर्षांवरील वृद्धांना कागदाची मुभा आहे. इतरांना कागद जवळजवळ बंदच. ज्या दिवशी शासनाने कागद बंद केला, त्या दिवशी निर्वेध आणि विनामूल्य साधन पुरविण्याचे उत्तरदायित्व संपूर्णपणे शासनावर आले. ते त्याने काही अंशी पार पाडले हे नाकारण्यात अर्थ नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र थेट भरता येते, पगार व व्याजाचे आकडे बऱ्याच अंशी आधीच भरलेले असतात आणि त्यासाठी एक छदामही द्यावा लागत नाही. ज्याचे उत्पन्न पगार आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्याने ‘सहज’ नावाच्या फॉर्मसाठी खाजगी कंपनीला पैसे मोजणे म्हणजे नळाला पाणी असताना टँकर मागविणे होय.

परंतु ज्याला घरी बसून, जोडणी बंद ठेवून हिशेब करायचा आहे, त्याच्यासाठी खात्याने दिलेला प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. दुसरा पर्याय एक्सेलचा, तोही मायक्रोसॉफ्टचाच. म्हणजे भारत सरकारपुढे आपल्या उत्पन्नाचा हिशेब ठेवण्यासाठी नागरिकाने आधी एका अमेरिकन कंपनीचा परवाना घ्यावा! याच केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे आणि शासकीय प्रणालींची मूळ संहिता खुली करण्याचे धोरण जाहीर केले होते. त्या धोरणाचे आयकर खात्याच्या दारात काय झाले, याचा जाब विचारला गेला पाहिजे.

खात्याचे स्वतःचे संकेतस्थळ तरी शासनाचे आहे काय? त्यासह विवरणपत्रांच्या प्रक्रियेच्या प्रकल्पासाठी जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले. काम इन्फोसिसला मिळाले. ७ जून २०२१ रोजी संकेतस्थळ सुरू झाले आणि आठवडेच्या आठवडे धड चालले नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारावा लागला आणि विवरणपत्राची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. कामगाराला उशिराबद्दल दंड लावणाऱ्या राज्यसंस्थेवरच कंत्राटदारापायी मुदत वाढविण्याची पाळी यावी, हे चित्र बोलके आहे.

त्याहून गंभीर प्रकार २०२४ साली घडला आणि त्याची चर्चा मात्र करसल्लागारांच्या वर्तुळाबाहेर फारशी झालीच नाही. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास १९६१ च्या कायद्याच्या कलम ८७-अ खाली २५ हजारांपर्यंत करमाफी होती. समभागांवरील अल्पकालीन नफ्यासारखे विशेष दराने कर लागणारे उत्पन्न असेल, तर त्या करावरही ही माफी मिळते की नाही, याविषयी मतभेद होते. जुलै २०२४ च्या प्रारंभापर्यंत खात्याचे सॉफ्टवेअर माफी देत होते. ५ जुलैला त्यात बदल झाला आणि माफीचा रकानाच मिटला. संसदेने कायद्यातील एक शब्दही बदललेला नव्हता. तरी जूनमध्ये विवरणपत्र भरणारा आणि जुलैच्या अखेरीस भरणारा, दोघांचे उत्पन्न सारखे असूनही त्यांचा कर निराळा झाला!

चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या मुंबईच्या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने डिसेंबरमध्ये मुदत वाढवून देण्याचा अंतरिम आदेश दिला आणि जानेवारी २०२५ च्या निकालात सॉफ्टवेअर बदलून नागरिकास माफीचा दावा करू देण्याची आज्ञा केली. माफी मिळेल की नाही, हे न्यायालयाने ठरविले नाही. दावा करण्याचा मार्गच यंत्राने अडवू नये, एवढाच त्याचा आशय होता. त्यानंतर २०२५ च्या वित्त कायद्याने ही माफी पुढील काळासाठी स्पष्टपणे नाकारली. कायद्यात आधीच स्पष्टता होती, तर ही दुरुस्ती कशासाठी करावी लागली? दरम्यान ज्यांना आधी माफी मिळाली होती, त्यांच्यापैकी अनेकांकडून ती परत मागण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरील व्याज तेवढे सशर्त सोडण्यात आले.

कोणी म्हणेल, समभागांची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या या तक्रारीशी कष्टकऱ्यांचा काय संबंध? आज ज्या हाताने समभागधारकाचा रकाना मिटविला, तोच हात उद्या शिधापत्रिकेचा, निवृत्तिवेतनाचा रकाना मिटवील. कारकुनाने अर्ज नाकारला तर निदान त्याची सही असते, त्याच्यावर अपील करता येते. सॉफ्टवेअर नकारही देत नाही. ते अर्जच करू देत नाही.

आता खाजगी सॉफ्टवेअरकडे. २००७ च्या योजनेखाली सरकारने ई-विवरणपत्र मध्यस्थांना अधिकृत मान्यता दिली. फॉर्मचा आराखडा आणि तपासणीचे नियम खाते जाहीर करते. त्या सार्वजनिक पायावर या कंपन्या आपले दुकान उभारतात. ‘फुकट’ या शब्दाविषयी सावध असलेले बरे. अमेरिकेत ‘फुकट’ म्हणून लोकांना ओढून पैसे आकारल्याच्या आरोपावरून टर्बोटॅक्सच्या मालक कंपनीला २०२२ साली तेथील राज्यांशी १४ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. तेथील सरकारने २०२४ मध्ये स्वतःची विनामूल्य व्यवस्था सुरू केली, २०२५ मध्ये ती पंचवीस राज्यांत नेली आणि २०२६ च्या हंगामासाठी ती गुंडाळली. इकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला खरा, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांना आणखी अठरा महिन्यांची सवड मिळाली. पगार, कर्ज, विमा, औषधोपचार ही सारी माहिती ज्याच्या हाती, त्याला कर्ज आणि विमा विकणे कठीण नसते.

सर्वांत कोंडी होते ती कंत्राटी माणसाची. प्रत्यक्षात नोकरीच करणाऱ्याला ‘सल्लागार’ ठरवून मालक त्याच्या मोबदल्यातून ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून दहा टक्के कर कापतो. त्याचा कर वस्तुतः शून्य असला, तरी ते पैसे विवरणपत्राशिवाय परत मिळत नाहीत. आणि उत्पन्न व्यवसायाचे दाखविले गेल्याने ‘सहज’ फॉर्म त्याला चालत नाही. येथे दलाल शिरतो. परताव्यात टक्केवारी ठरते, खोट्या वजावटी घातल्या जातात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा बनावट दाव्यांसाठी देशभर १५० ठिकाणी छापे घातले. दलाल आपला वाटा घेऊन मोकळा होतो, नोटीस मात्र कामगाराच्या नावे येते.

कामगार संघटनांनी जून महिन्यात आपल्या कार्यालयांत विवरणपत्राची मदतकेंद्रे उघडावीत, खात्याच्या विनामूल्य साधनावर काम करावे आणि परवलीचा शब्द कोणाच्याही हाती देऊ नये. सॅलिसबरी पार्कच्या आयकर सदनात द्यावयाच्या निवेदनात दोन मागण्या स्पष्ट असाव्यात: करगणनेच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता जाहीर करा आणि हंगामाच्या मध्यावर त्यात केलेला प्रत्येक बदल, त्याच्या कायदेशीर आधारासह, आगाऊ प्रसिद्ध करा. तोवर प्रत्येक सभासदाने भरलेल्या विवरणपत्राची फाईल आणि करगणनेचा कागद जपून ठेवावा. सॉफ्टवेअर एखादा दावा घेत नसेल तर त्या पडद्याचे तारखेसह छायाचित्र काढून खात्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार नोंदवावी.