जीर्ण प्रतिश्याय : शस्त्रक्रियेच्या खर्चाचा हिशेब

सायनसच्या जुनाट विकारावर शस्त्रक्रिया सुचविली गेली की रुग्ण प्रथम खर्च विचारतो. दुर्बिणीद्वारे होणाऱ्या या शस्त्रक्रियेचे देयक एकरकमी असल्याने डोळ्यांत भरते. वर्षानुवर्षे घेतलेले थेंब, प्रतिजैविके आणि बुडालेले रोज यांची बेरीज मात्र कोणी मांडीत नाही. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाचे कामातील नुकसान वर्षाला सरासरी सुमारे 10 हजार डॉलर आढळले. तो आकडा आपल्याकडे लागू नाही. हिशेबाची रीत मात्र लागू आहे.

हाच हिशेब आपल्या चिकित्सेलाही लावावा, असे आम्हांस वाटते. निदानपरिवर्जन, नस्य व पथ्य यांनी उपशय मिळत असेल तर उत्तमच. परंतु मुदत न ठरविता नस्याची आवर्तने देत राहिल्यास स्वस्त वाटणारी चिकित्साही महाग पडते. शस्त्रक्रियेनंतरही खर्च संपत नाही. नाक धुणे व फवारा चालू ठेवावा लागतो, आणि नासार्श पुन्हा उद्भवू शकतो. हेही रुग्णास आधी सांगावे.

आमची सूचना अशी : केसपेपरवर औषधांचा खर्च व बुडालेले दिवस नोंदवावेत. 12 आठवड्यांत ठोस उतार नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत घ्यावे. डोळ्याभोवती सूज, दृष्टिमांद्य वा तीव्र शिरःशूल असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही नाक मोकळे करणारे तेच थेंब महिनोन्महिने नेणाऱ्या ग्राहकास तपासणीस पाठवावे. त्यात थोडी विक्री घटली तरी चालेल.